खात्रीचा माणूस

४ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा नाशकात. सिन्नरहून सकाळच्या एसटीने निघालो तेव्हा ललिता दारात उभी राहून म्हणाली, मोठ्या शहरात चाललात, तिथली भुतं इंग्रजी बोलतात का तेवढं बघा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण माझ्या धंद्याची तिला कधी भीती वाटली नाही. तिला चेष्टाच सुचते. बरंच आहे ते.

खोली फक्कड मिळाली. पंचवटीत, रामकुंडाच्या वरच्या अंगाला, तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानावर. टेबल, दोन खुर्च्या, एक कॉट आणि घाटाकडची मोठी खिडकी. इथली माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. दोन दिवसांत मीही म्हणायला लागेन. खिडकीत उभं राहिलं की सगळं ऐकू येतं. खाली भांड्यांवर नावं घालणाऱ्याची टकटक, घाटावरचे मंत्र, धुणं आपटणाऱ्या बाया, आणि या सगळ्यावर निवडणुकीच्या रिक्षांचे भोंगे.

जिन्याच्या पायथ्याशी कुसाबाई हार ओवत बसते. तिने माझी पाटी एका मुलीकडून वाचून घेतली: ‘हिरामण सांगळे. खासगी चौकशी. लग्नाआधीची माहिती, हरवलेली माणसं.’ मग मला हाक मारून म्हणाली, नाना, आमचे हे तीस वर्षं झाली, दुपारी कुठं गायब होतात ते शोधाल का? म्हटलं, मावशी, दुकानामागच्या बोळात झोपतात. वर चढताना घोरणं ऐकलं मी. ती एवढी हसली की ओवलेली शेवंती मांडीवरून सांडली. माझे कान लहानपणापासून तिखट.

वही नवी आहे, म्हणून एकदा लिहून ठेवतो. बाविसाव्या वर्षी सिन्नरला एका कारखान्यात पहाऱ्यावर होतो. बॉयलर फुटला, तिघं गेले, मी वाचलो. महिन्याने कामावर परत गेलो तर गेलेल्यांतला यादव हजेरीच्या यंत्रापाशी उभा. हातात कार्ड, डोक्यावर तेच हेल्मेट. सगळं जसंच्या तसं, फक्त चालला तर बुटांचा आवाज नाही. तेव्हापासून दिसतात. त्रास देत नाहीत बिचारे. कुठे निघालो होतो ते विसरलेल्या माणसासारखे उभे असतात. अगदी जित्याजागत्या माणसासारखे दिसतात, म्हणून मी डोळ्यांवर विसंबत नाही. कानांवर विसंबतो. पावलाला आवाज नाही तो गेलेला. एवढ्या एका विद्येवर मी पहारेकऱ्याचा वकिलाचा कारकून झालो आणि कारकुनाचा डिटेक्टिव्ह.

पण नियम पक्का. दिसला म्हणून कोणाला सांगायचं नाही. कागद, वस्तू, साक्षीदार, यातलं एक हाती आलं की मगच तोंड उघडायचं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

पहिलं काम. कुसाबाईनेच आणलं. तिच्याकडे फुलं येतात ती मखमलाबादच्या पुंजारामच्या मळ्यातून. त्याला आणि त्याच्या बायकोला, रंगूबाईला, हाताला धरून वर घेऊन आली. म्हणाली, हे नाना, यांना भिंतीपलीकडचं ऐकू येतं. जाहिरात करावी तर अशी.

त्यांचा एकुलता एक मुलगा ज्ञानेश, सव्वीस वर्षांचा. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात सकाळी गणेशवाडीच्या फूलबाजारात माल उतरवला, मोटरसायकलला किक मारली आणि गेला. मोटरसायकल सापडली नाही, फोन बंद, पोलिसांत नोंद आहे. चौदा महिने झाले. कोणाला तो सुरतेत दिसला, कोणाला पुण्यात. एका देवऋष्याने अक्षय्यतृतीयेची तारीख दिली होती. तीही गेली.

पुंजाराम जमिनीशी बोलल्यासारखा बोलतो. रंगूबाई सरळ डोळ्यांत बघते. ती म्हणाली, जित्ता हाय का नाय येवढंच सांगा, नाना. रोज त्याचं ताट वाढते आन रोज कुत्र्याला घालते. आता त्या कुत्र्याचाबी राग येतो मला.

मग पुंजाराम जमिनीलाच म्हणाला की आमचं राहू द्या, सुनेचं बघा. सून सुवर्णा, तेवीस वर्षांची, पेठची. लव्ह मॅरेज, हे रंगूबाईने आवाज खाली आणून सांगितलं, जसं काही भिंती ऐकतात. सुनेच्या भावाने एक चांगलं स्थळ आणलंय, माणूस समजूतदार आहे, पण पोरगी ना सवाष्ण, ना विधवा. तिला मोकळी करायची असेल तर आधी पोराचं नक्की व्हायला हवं. पुंजाराम मुलाचं नाव ज्या आवाजात घेतो त्याच आवाजात सुनेचं घेतो. हे मी ऐकून ठेवलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

मखमलाबादला जाऊन आलो. मळा नीटनेटका, शेवंती पांढरीशुभ्र. सुवर्णा ओटीत फुलं खुडत होती. घरात काही बोलली नाही. निघालो तेव्हा बांधापर्यंत आली आणि तिथे बोलली.

तो गेला त्याच्या चार दिवस आधी दोघांचं भांडण झालं होतं. कशावरून ते आता आठवतही नाही म्हणाली. ती रागाने माहेरी पेठला निघून गेली, जाताना म्हणाली की परत येणार नाही. फोन आला तोही उचलला नाही. त्यानंतर तो गेलाच. चौदा महिने ती एकच धरून आहे, की तो आपल्यामुळे घर सोडून गेला.

म्हणाली, तो माझ्यावर रागावून गेला असला तर तेपण सांगा, नाना. पण नक्की असेल तेच सांगा. अंदाज मला खूप जणांनी दिले.

मी शब्द दिला.

फोटो आणला आहे. डावी भुवई मध्ये तुटलेली, लहानपणी विळा लागला होता म्हणे. संध्याकाळी बसून नाशिकपासून पार वलसाडपर्यंतची रुग्णालयं, आश्रम, बेवारशांची घरं यांचे नंबर काढले आणि चाळीस ठिकाणी फोटो धाडला. उत्तरं येतील हळूहळू.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

उजाडता उजाडता फूलबाजारात गेलो. ओल्या गोणपाटांवर झेंडूचे ढीग, आडत्यांचा आरडाओरडा, उमेदवारांसाठी माणसाएवढे हार बांधायची घाई. एक हारवाला दुसऱ्याला म्हणत होता, आपला माणूस पडला तर हा हार त्याला निरोपाला चालेल का रे? थंडी मजबूत होती. सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

पुंजाराम जिथे माल उतरवतो तिथे तो उभा होता. निळा शर्ट, तुटलेली भुवई. मोगऱ्याच्या पाट्यांकडे बघत होता. बघता बघता चालू लागला. मी मागे. आजूबाजूला पाच-पन्नास चपला चिखलात पचपच करत होत्या आणि त्या सगळ्यांतून मी त्याचं पाऊल शोधत होतो. नव्हतं. ओल्या फरशीवर नाही, गोणपाटावर नाही, पुलावरच्या डांबरावर नाही. पुलाच्या मध्यावर थांबला आणि मग तिथे नव्हता.

एक गोष्ट खटकली ती लिहून ठेवतो. त्याच्याही तोंडातून वाफ येत होती, असं मला वाटलं. पण डोळ्यांचं मी कधीच खरं धरत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

नियम मोडला.

चाळीसपैकी फक्त तीन ठिकाणांहून उत्तर आलंय, तिन्हीकडून नाही म्हणून. आणखी दहा-पंधरा दिवस थांबायला हवं होतं. पण रंगूबाई डबा घेऊन आली. बाजरीची भाकरी, मेथी, आणि त्याला आवडायची ती लसणाची चटणी. मी जेवत होतो आणि ती बघत होती. मध्येच म्हणाली, तुमच्या तोंडावर दिसतंय नाना, तुम्हाला ठावं हाय. मी हातातला घास डब्यात परत ठेवला. मनाला म्हटलं, कान आजवर एकदाही चुकले नाहीत, मग या बाईला आणखी पंधरा दिवस कुत्र्याला ताट घालायला लावू? आणि खरं लिहायचं तर दुसरंही होतं. नव्या गावात पहिलं काम आठवड्यात निकाली काढणारा माणूस, असं नाव व्हावं असं वाटलं.

सांगितलं. तो गेला.

ती ओरडली नाही. पदर तोंडात धरून बसली आणि थोड्या वेळाने चौदा महिन्यांचा श्वास सोडला. दुपारी पुंजाराम आणि सुवर्णा आले. सुवर्णाने एवढंच विचारलं, नक्की?

म्हटलं, नक्की.

१८ नोव्हेंबर, सोमवार

विधी झाला. देह सापडत नाही तेव्हा पळसाच्या पानांच्या देठांचा पुतळा करतात. तीनशे साठ देठ. एवढे हाताला, एवढे छातीला, एवढे पायांना, सगळं दर्भाने बांधून. डोक्याच्या जागी नारळ. सुवर्णा एकेक देठ मोजून देत होती, मोगरा ओवावा तशी.

गुरुजी वयस्कर, नियमाचे पक्के. म्हणाले, नाहीशा माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते, चौदा महिन्यांत मी हे करणार नाही. खात्रीने सांगणारं कोणी आहे? पुंजारामने माझ्याकडे बोट केलं. हे खात्रीचे माणूस आहेत म्हणाला. गुरुजींनी मला समोर बसवून विचारलं, गेल्याची खात्री आहे ना? मी हो म्हटलं. मग त्यांनी नाव, बापाचं नाव, गोत्र विचारलं. गोत्र पुंजारामला माहीत नव्हतं. गुरुजी म्हणाले, माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं.

आधी सुवर्णाच्या बांगड्या उतरवल्या. रंगूबाईने स्वतः उतरवल्या, फोडू दिल्या नाहीत कोणाला. मग पुंजारामने अग्नी दिला. सव्वादहाला नारळ फुटला. आवाज असा झाला की घाटावरची कबुतरं उडाली.

रंगूबाई जाताना माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरलो.

२७ नोव्हेंबर, बुधवार

दहावा. पिंडाला कावळा शिवला नाही.

सकाळी नऊपासून बसलो होतो. कावळे भरपूर. शेजारच्या पिंडांवर तुटून पडत होते. आमच्याकडे एक यायचा, वीतभर अंतरावर थांबायचा, मान वाकडी करायचा आणि मागे सरायचा. पुंजारामने हात जोडून सगळी वचनं दिली. सुनेचं बघतो, तिला लेकीसारखी पाठवतो, मळा विकत नाही. रंगूबाई म्हणाली, चटणी ठिवा रे, तो चटणीबिगर जेवत न्हाई. चटणी ठेवली. शेवटी सुवर्णा पुढे झाली आणि म्हणाली, माझी चूक झाली, येऊन जा. कावळा तिच्याकडे बघून उडून गेला.

दुपारी दर्भाचा कावळा करून शिववला. लोक म्हणाले, काही इच्छा राहिली असेल. असेलही. पण इच्छा राहिली की कावळे कलकलाट करतात, पिंडाभोवती घिरट्या घालतात. हे कावळे गप्प होते. जेवायला नसलेल्या पानाकडे बघावं तसे बघत होते.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी फोनवर निरोप आला. राज्याच्या सरहद्दीपलीकडच्या एका धर्मादाय रुग्णालयातून, रोशनी नावाच्या नर्सचा. सुट्टीवर होते, फोटो आज बघितला. हा माणूस आमच्याकडे होता.

होता.

३० नोव्हेंबर, शनिवार

पेठवरून घाट उतरून गेलो आणि संध्याकाळच्या आत परत आलो. लिहितो. लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

रोशनी पेठकडच्याच पाड्यावरची आहे, म्हणून तिला त्याची माया. तिने सांगितलं ते असं. गेल्या वर्षी सप्टेंबरात घाटात मोटरसायकलला कोणीतरी ठोकर मारली. मोटरसायकल दरीत, फोन, पाकीट सगळं तिच्याबरोबर. एका टेम्पोवाल्याने त्याला उचलून खाली इथे आणून टाकलं आणि निघून गेला. राज्य दुसरं, भाषा दुसरी. वहीत ‘अनोळखी पुरुष’ लागलं. चौदा महिने बेशुद्ध. आणला तेव्हा पोटाशी ओल्या फडक्यात मोगऱ्याची वेणी होती.

वेणी. पेठच्या रस्त्याला. तो घर सोडून गेला नव्हता, तो तिला आणायला चालला होता.

दिवाळीनंतर सुधारत होता, रोशनी म्हणाली. मराठीत बोललं की बोटं आवळायचा. पंधरा दिवसांत डोळे उघडेल असं डॉक्टर म्हणाले होते. कधीकधी मात्र सकाळी श्वास एकदम हळू व्हायचा, जसं काही कुठेतरी जाऊन येतोय. त्या वेळी मोगऱ्याचा वास यायचा.

मग अठरा तारखेला सकाळी अंग तापायला लागलं. ताप नव्हे, भाजणं. हातांवर, छातीवर, पायांवर बारीक उभे वळ उठले, काड्यांच्या जुडीने डागल्यासारखे. सव्वादहाला डोक्यात काहीतरी फुटलं आणि गेला. कागदावर ‘मेंदूत रक्तस्राव’ लिहिलंय. बेवारस म्हणून तिथेच दहन केलं.

बेशुद्ध माणूसही हिंडतो, हे मला माहीत नव्हतं. त्याच्याही पावलाला आवाज नसतो. वाफ मात्र असते. ती दिसली होती मला.

२ डिसेंबर, सोमवार

सव्वादहाला आला. दार बंद होतं. समोरच्या खुर्चीत बसलेला दिसला, जिथे त्याची आई बसली होती. निळा शर्ट. केसांना जळक्या नारळाचा वास. रागाने बघत नाही. बघायला आलेला पाहुणा बसतो तसा हात गुडघ्यांवर ठेवून बसलाय.

मी म्हटलं, बाबा, माझं चुकलं. त्याने मान वळवून खिडकीतून पेठच्या रस्त्याच्या दिशेला बघितलं.

कुसाबाई खालून ओरडली की नाना, गिऱ्हाईक पाठवू का, चौघं आलेत. माझं नाव झालंय. तिला सांगितलं, आज नको.

४ डिसेंबर, बुधवार

त्याच गुरुजींकडे गेलो. दुसऱ्या कोणाची गोष्ट म्हणून विचारलं. ते म्हणाले, पुतळा जाळल्यावर माणूस जिवंत परत आला तर शास्त्र आहे. त्याला तुपाने न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, मुंज असेल तर पुन्हा मुंज, त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. आणा त्याला. हसून म्हणाले, लाडू मला द्या.

म्हटलं, आणि विधीनेच तो जिवंत माणूस गेला असेल तर?

त्यांनी समोरचं पंचांग मिटलं. मग म्हणाले, त्याला वाट नाही. त्याचा विधी खर्च झाला, पुन्हा होत नाही. बसून राहील आणि हळूहळू ज्याला जाळलं ते होऊन जाईल. त्याच वाटेने जाणारं दुसरं कोणी भेटलं तरच त्याच्या सोबतीने जाईल.

ज्याला जाळलं ते, म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. खोलीवर आल्यावर दिसलं. डाव्या हाताची बोटं देठ झाली आहेत.

६ डिसेंबर, शुक्रवार

पुंजाराम पेढे घेऊन आला. पौष लागायच्या आत सुवर्णाचं लग्न उरकतोय. मुलगी म्हणून तोच कन्यादान करणार आहे. सांगताना पहिल्यांदा जमिनीकडे नाही, माझ्याकडे बघून बोलला. म्हणाला, तुम्ही होता म्हणून झालं, नाना.

त्याचा मुलगा त्याच्या शेजारच्याच खुर्चीत. बापाच्या बाहीला हात लावायला गेला. कोपरापर्यंत देठ. बाहीला सुरकुतीही पडली नाही.

सांगितलं नाही मी. कसं सांगू? पोरगी नव्या घरी चालली आहे. सांगितलं तर जन्मभर तिच्या डोळ्यांसमोर तो अग्नी. नाही सांगितलं तर जन्मभर वाटणार की तो रागावून गेला.

७ डिसेंबर, शनिवार

ललिताला फोनवर सगळं सांगितलं. आज चेष्टा केली नाही. म्हणाली, सांगा तिला. बाईला खोट्यावर संसार करता येतो, पण तो जड जातो, मला विचारा. मग म्हणाली, पुढच्या रविवारी येते मी तिकडे, तुमचा आवाज नीट नाही.

८ डिसेंबर

छाती देठांची. शर्टाच्या आत दर्भाच्या गाठी दिसतात. श्वास घेतल्यासारखं करतो तेव्हा करकरतात — हो, ऐकू येतं. आता त्याचा आवाज येतो. फक्त हाच.

चेहरा अजून त्याचा आहे. भुवई आहे. तोंड उघडून काहीतरी म्हणतो, शब्द येत नाही. ओठांवरून कळतं. वेणी.

९ डिसेंबर

जेवण नाही. गिऱ्हाइकांना जिन्यावरूनच परत — कुसाबाई रागावली, म्हणाली देवळात बसल्यासारखे काय बसलात.

तोंडाभोवती काथ्या फुटलाय. उद्या तोंड राहणार नाही. त्याला जे सांगायचंय ते मलाच सांगावं लागणार —

उद्या.

१० डिसेंबर

सांगितलं. मळ्यात, तिघांना एकत्र बसवून. रोशनीचा कागद दाखवला, वेणी बांधलेलं फडकंही तिने जपून ठेवलं होतं, ते दिलं. काही लपवलं नाही. तारीख, वेळ, चाळीस ठिकाणी विचारून उत्तरांसाठी थांबलो नाही ते, वाफ दिसली ते.

पुंजाराम उठून शेवंतीत गेला आणि उभा राहिला. रंगूबाई फडक्याचा वास घेत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्ही जेवला होता ना तवा आमच्याकडचं. एवढंच. शिवी दिली असती तर बरं होतं.

सुवर्णाने विचारलं, तो माझ्याकडे येत होता?

हो.

मी बांगड्या उतरवल्या तेव्हा जिवंत होता?

हो.

आता कुठंय?

माझ्या खोलीत. खुर्चीत.

त्याला सोडवायचा काही मार्ग आहे का, विचारलं. खोटं बोलता आलं असतं. गुरुजी म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. तिने फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. मग शांतपणे म्हणाली, आम्हाला तो दिसत नाही, नाना. तुम्हाला दिसतो. त्याला एकट्याला पाठवलंत.

आणि माझं पूर्ण नाव विचारलं. वडिलांचं नाव. गाव. गोत्र.

मी आयुष्यात निरनिराळ्या कामांसाठी वीस खोटी नावं घेतली आहेत. सगळी जिभेवर होती.

हिरामण रामचंद्र सांगळे. सिन्नर. गोत्र माहीत नाही.

ती म्हणाली, माहीत नसेल तर काय म्हणायचं ते मला माहीत आहे.

११ डिसेंबर

नऊ वाजता घाटावर आली. एकटी. दुसरे गुरुजी, तरुण, चष्मेवाले. खिडकीतून दिसतंय. सोबत पळसाचा भारा. बसून मोजतेय.

पळून जाता येईल. एसटी स्टँड पंधरा मिनिटांवर. पण नाव दिलंय, नाव कुठे पळतं.

ललिताला फोन लावला. उचलला नाही, पाण्याला गेली असेल. पुन्हा लावला. नाही.

गुरुजींनी तिला काही विचारलं. एवढ्या लांबून, एवढ्या गोंगाटात, ऐकू आलं मला. खात्री आहे?

आहे म्हणाली.

हात जोडून पुतळ्यापाशी बसलीय. कोणाचं कोण म्हणून बसली असेल? भाची? लेक? रडतेय. माझ्यासाठी नाही, तरी —

नारळ ठेवला.

खुर्ची करकरली. उठलाय तो. पहिल्यांदा. चेहरा नाही आता, नुसता काथ्या, तरी माझ्याकडे बघतोय हे कळतं. खिडकीत माझ्या शेजारी येऊन उभा. घाबरलाय. मला वाटलं होतं मीच — थरथरतोय बिचारा, सगळे देठ वाजताहेत. म्हटलं, चल रे बाबा, आहे मी.

बोटं तापली. पेन धरवत नाही.

वही सापडेल त्याने ललिताला — रविवारी येऊ नको म्हणावं. तिला म्हणावं की पोरीचा दोष नाही, मी स्वतः नाव — आणि तिला सांगा, तुमचे हे शेवटी काय म्हणत होते तर